शेटजींची चादर

आमच्या सोलापुरात चादर दिल्याशिवाय कुणाचा सत्कार होत नाही. अठ्ठ्याहत्तर साली तो चार दिवसांच्या पोराचाही झाला.

वळसंगच्या शरणम्माचं ते पोर. अपुऱ्या दिवसांचं, आपणहून श्वास घेईना. एका गिरणीवाल्या शेटजींनी आमच्या दवाखान्याला श्वासाचं यंत्र दिलं होतं. त्याची नळी पोराच्या घशात घातली. वॉर्डची नर्स मी. शरणम्माला मीच शिकवलं, "आवाजाकडं बघू नको. यंत्र काय, भिंतीलाही हवा देईल. छाती बघ. ती वरखाली होते तोवर तुझं पोर आहे." दोन दिवस तिनं त्या मूठभर छातीवरून नजर हलवली नाही. भाकरीसुद्धा तिथंच बसून खाल्ली.

तिसऱ्या दिवशी शेटजी आले. यंत्र येऊन महिना झाला, पण उद्घाटन राहिलं होतं ना! यंत्राला हार, कुंकू, नारळ. फोटोवाला म्हणाला, "पोर उघडं बरं दिसत नाही." शेटजींनी आपल्याच गिरणीची कोरी चादर त्याच्यावर घातली, हनुवटीपर्यंत ओढली आणि मोठ्या मायेनं कडा गादीखाली खोचल्या. डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

भाषणं सुरू झाली. शरणम्माला दाराशी उभं केलं होतं. तिनं माझी बाही ओढली.

"अक्का, छाती दिसंना की."

"गप बस. यंत्र चालू आहे ना?"

"आवाजाकडं बगू नगं म्हनला हुता की तुमीच!"

मी डोळे वटारले. शेटजी बोलत असताना चादर कोण उचलणार? माझी बढती डॉक्टरांच्या सहीवाचून अडली होती, तेही सांगून टाकते.

अर्ध्या तासानं पाहुणे चहाला गेले. मी चादर काढली. नळी घशातून निसटून गालाशी आली होती. यंत्र इमानेइतबारे गादीला हवा देत होतं. छाती गार पडली होती.

शरणम्मा रडली नाही. पोराला तिनं पदरात घेतलं. त्याला गुंडाळायला मी ती चादरच पुढं केली.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "तुमचं यंत्र चालू हाय न्हवं? त्येलाच घाला."

देणाऱ्याचं मन कशाला मोडा, म्हणून डॉक्टरांनी चादर ठेवून घेतली. धूळ बसू नये म्हणून आता ती यंत्रावरच असते. रोज संध्याकाळी मीच घालते, कडा नीट खोचून.