टेबल नसलेली घरं

बाईंचा स्वभाव मुळातच संशयी. भाजीवाल्याचा काटा, घड्याळजीची तारीख, नवऱ्याचं "आलोच", कशावरच त्यांचा भरवसा नसे. कोर्टात लोक त्यांना चौकशीबाई म्हणत, कारण आरोपीला शिक्षा ठरण्याआधी त्याच्या घरी जाऊन परिस्थिती पाहायची आणि न्यायाधीशांना अहवाल द्यायचा, हे त्यांचं काम होतं. नंतर कोणी फेरफार करू नये म्हणून अहवाल आरोपीच्या घरीच हाताने लिहून पुरा करायचा असा नियम होता. बाई तो पंचवीस वर्षं काटेकोर पाळत आल्या होत्या.

या वेळी मात्र त्यांना कुठेतरी पाणी मुरतंय असं पक्कं वाटत होतं. दोन मित्रांनी मिळून एक गाडी पळवली आणि दुकानाच्या शटरवर नेऊन ठोकली. दोघं चोविशीचे, दोघांचा पहिलाच गुन्हा, दोघांनीही तो कबूल केला. डॉक्टरांचा मुलगा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर घरी गेला आणि गॅरेजमधला फिटर दीड वर्षासाठी आत गेला.

फिटरची आई इस्पितळाच्या लाँड्रीत चादरी इस्त्री करायची. शनिवारी दुपारी ती कामावरून थेट बाईंसमोर येऊन उभी राहिली.

"बाई, खरं सांगा, यात कोणाचा हात आहे? अपिलाला आठ दिवस उरलेत. वकील म्हणतात, नुसत्या संशयावर काही होत नाही. तुम्ही कोर्टातल्या. काहीतरी शोधून द्या."

बाईंना हवंच होतं. तिला बाहेरच्या बाकावर बसवून त्या रेकॉर्डरूममध्ये गेल्या आणि त्याच न्यायाधीशांच्या पाच वर्षांच्या फायली मागितल्या.

"मॅडम, निवृत्तीला आठ महिने राहिलेत," तिथला कारकून म्हणाला. "साहेबांशी कशाला वाकडं घेताय?"

"भाऊ, तुम्ही फक्त फायली काढा. वाकडं काय ते मी बघते."

बाईंनी दोन ढीग केले. एकात हमीवर सुटलेले, दुसऱ्यात आत गेलेले. आडनावं ताडून पाहिली, वकील ताडून पाहिले. कोणाचा कोणाशी मेळ बसेना. न्यायाधीशही मोठे बेरकी दिसत होते. प्रत्येक निकालात 'अहवालानुसार' असं म्हणून सगळं अंगाबाहेर टाकलेलं. बाईंचा राग चढत चालला.

फायली लावता लावता कारकुनाने विचारलं, "मॅडम, हे अहवाल दोघांनी लिहिलेत का?"

"दोघांनी कशाला? सगळे माझेच आहेत."

"मग या ढिगातलं अक्षर असं का?"

बाईंनी चष्मा पुसून पाहिलं. सुटलेल्यांच्या ढिगात सरळ ओळी, तीन-तीन पानं. आत गेलेल्यांच्या ढिगात बहुतेक जागी चार-सहा ओळी, खाली घसरलेल्या, मध्येच शाई तुटलेली, कुठे कागदाला भोक. त्या घरांत टेबल नव्हतं. तो कागद भिंतीवर धरून नाहीतर तळहातावर ठेवून लिहिलेला होता.

त्यांनी दोघा मित्रांचे अहवाल शेजारी शेजारी ठेवले. डॉक्टरांच्या घरी पंख्याखाली खुर्ची होती, टेबल होतं, चहा होता. 'घरात सतत कोणीतरी असते,' असं त्यांनी लिहिलं होतं. ते कोणीतरी म्हणजे कामवाली. फिटरच्या एका खोलीत त्या दारातच उभ्या राहिल्या. कागद भिंतीवर धरला की बॉलपेन चालत नाही, म्हणून जमेल तेवढं उरकलं. 'आई दिवसभर कामावर. देखरेख नाही.' आतल्या खाटेवर आजोबा पडून होते. पोरगा कामावर जाण्याआधी त्यांना अंघोळ घालतो, आल्यावर जेवू घालतो, हे त्या माउलीने दोनदा सांगितलं होतं. ते अहवालात कुठेच नव्हतं. पंचवीस वर्षं साऱ्या जगावर संशय घेतला आणि एवढ्या एका हातावर कधी घेतला नाही, याची बाईंना भयंकर लाज वाटली.

त्या बाहेर आल्या. फिटरची आई झटकन उठली.

"सापडलं?"

"सापडलं."

"कोणाचा हात?"

"माझा."

तिने बाईंकडे खालपासून वर पाहिलं. "काय दिलं त्यांनी तुम्हाला?"

"बसायला खुर्ची," बाई म्हणाल्या. "मी लिहून देते सगळं. अपिलात मला साक्षीला बोलवा. फायलींचे नंबरही देते. थांबा, आत टेबलावर बसून लिहिते."

"नाही." तिने बाईंचा पदर धरला. "आत गेलात की तुमचं मन फिरेल. इथेच, माझ्यासमोर लिहा."

बाक चिंचोळा, फळ्यांचा. बाईंनी सवयीने कागद भिंतीवर धरला. दोन शब्द झाले आणि पेन थांबलं. त्यांनी ते झटकलं, पुन्हा टेकवलं, पुन्हा थांबलं. फिटरची आई एकटक बघत होती. शेवटी बाई तिथेच खाली बसल्या, कागद फरशीवर ठेवला आणि लिहू लागल्या. पहिलं पान भरलं, दुसरं सुरू झालं. ओळी अगदी सरळ येत होत्या.

"आमच्याकडेही फरशी होती, बाई," फिटरची आई म्हणाली.