बिल्ल्यावरचा शब्द

'मुकादम' हे नाव तिला साइटवरच्या गवंड्यांनी ठेवलं होतं, आणि ते तिला आवडायचं. अख्ख्या इमारतीचं काम ती एकटी अंगावर घ्यायची. स्लॅब ओतायच्या दिवशी तिचा आवाज मिक्सरच्याही वर चढायचा. लग्न केलं नव्हतं. घरात धाकटी बहीण, तिनंच शिकवलेली.

बीडीएसएमवाल्यांचा एक गट दर महिन्याला एका हॉटेलच्या वरच्या खोलीत चहाला जमतो, हे तिला चाळिशी उलटल्यावर कळलं. जवळिकीत एकानं राजीखुशीनं हुकूम द्यायचा आणि दुसऱ्यानं राजीखुशीनं मानायचा, याला त्यांच्यात ठरलेले शब्द होते. हुकूम देणारा डॉमिनंट, मानणारा सबमिसिव्ह, दोन्हींत रमणारा स्विच. आपला शब्द कुठला, याबद्दल तिच्या मनात कधीच शंका नव्हती.

बहिणीला सांगितलं तर ती पोट धरून हसली. "ताई, तू कुणाचं ऐकणार? घरात पंखा कितीवर ठेवायचा तेसुद्धा तू ठरवतेस!"

"म्हणूनच. दिवसभर सगळं मीच ठरवते गं. एका माणसापाशी तरी मला ते ओझं नकोय. पण ते माणूस कोण आणि कुठवर, हे मात्र मी ठरवणार."

बहिणीचं हसू ओसरलं. "जपून जा," एवढंच म्हणाली.

गट चालवणारे डॉक्टर दातांचे होते. फोनवर तिचं काम ऐकूनच त्यांनी तिच्या छातीवर लावायचा बिल्ला लिहून ठेवला होता: डॉमिनंट.

"हे चुकलंय," हॉटेलच्या खोलीत बिल्ला हातात पडताच ती म्हणाली. "मी सबमिसिव्ह आहे."

"सुरुवातीला सगळेच गोंधळतात," डॉक्टर हसले. "तुमचा हा आवाज, हे चालणं... निदान स्विच तरी लिहू या."

"आवाज कामाचा आहे."

"अहो, इतकी वर्षं माणसं बघतोय मी."

"दात बघताय, डॉक्टर. तोंड उघडलं म्हणून आतलं माणूस दिसत नाही."

खोलीत हशा पिकला. डॉक्टरांचा चेहरा उतरला. शब्द जुनी मंडळीच ठरवतात, नव्या माणसाची फसगत होऊ नये म्हणून, असं त्यांनी ठणकावलं.

तिनं पेन उचललं आणि शब्दावर काट मारली. "तुमचा शब्द लावून बसले तर कुणीतरी माझ्या हुकमाची वाट बघत बसेल. फसगत ती." मग खुर्ची ओढून बसली. "उठवायचं असेल तर कारण सांगा, सगळ्यांसमोर."

कुणी उठवलं नाही. कोपऱ्यातला घड्याळं दुरुस्त करणारा गृहस्थ मात्र उठून आला. इतका हळू बोलणारा की लोक त्याला दोनदा विचारत. त्याच्या छातीवर 'सबमिसिव्ह' होतं.

"पेन देता? मलाही खोडायचंय. आवाज ऐकून दिलाय मला हा." आणि त्यानं स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'डॉमिनंट'.

त्या दोघांचं काही जुळलं नाही. त्याच्या सिगारेटचा वास तिला सोसेना. डॉक्टर तिच्या माघारी अजून तिला स्विचच म्हणतात. पण पुढच्या महिन्यापासून दारात कोरे बिल्ले आले.

वर्ष उलटल्यावर तिथंच भेटलेल्या एका शिंप्यानं आधी बिल्ला वाचला, मग विचारलं, "या शब्दात तुमचं काय काय येतं? आणि काय येत नाही?"

ती सांगत बसली. चहा निवला, वेटर कप उचलायला आला, तरी तिचं संपलं नव्हतं.