उत्तरेकडच्या गोलपोस्टामागे

बाबा २०१६च्या नोव्हेंबरात गेले, जर्मनीत, त्सुफेनहाउझेनला, माझ्या घरी. शेवटची दोन वर्षं आई त्यांना घेऊन माझ्याकडे राहत होती. माझं नाव त्यांना आठवत नसे. आपण लेफ्ट बॅक आहोत, एवढं आठवे.

वेल्समधल्या एका खाणगावच्या क्लबाकडून ते एकोणीस वर्षं फुटबॉल खेळले. दुसऱ्या क्लबाचा शर्ट अंगात घातला नाही. मोठी बोलावणी आली होती, "मग इथलं कोण बघणार?" म्हणून राहिले. तिथल्याच इस्पितळात नाशिकहून आलेल्या नर्सने, म्हणजे आईने, त्यांच्या फुटलेल्या कपाळाला टाके घातले होते. डोक्याने चेंडू परतवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. स्मृती त्यानेच गेली असावी, असं डॉक्टर म्हणाले. खात्रीने नाही.

शुद्धीत असताना त्यांनी एकच मागितलं होतं: राख उत्तरेकडच्या गोलपोस्टामागे टाकायची. मी हो म्हटलं होतं.

ते गेले त्याच दिवशी मी क्लबाला फोन केला. पलीकडचा तरुण नम्रपणे बोलला. मैदान आता कृत्रिम गवताचं आहे, खाली रबर. राख टाकू देत नाही. स्टँडमध्ये पाटी लावता येईल. बाबांच्या नावाचं स्पेलिंग त्याने विचारून घेतलं.

जर्मनीत राख घरी देत नाहीत. कलश थेट दफनभूमीत जातो. अंत्यविधीवाले गृहस्थ आवाज खाली आणून म्हणाले, "आल्झो, म्हणजे असं बघा, दहन स्वित्झर्लंडमध्ये केलं तर राख हातात मिळते. पुढे कोणी विचारत नाही."

मी आईला म्हटलं, "तसंच करू. कुंपणावरून आत जाऊ आणि गोलमागे ओतू."

"आणि सकाळी त्यावरून झाडू फिरेल."

"आई, शब्द दिलाय मी त्यांना."

"मी काय कमी शब्द दिले? अगं, त्या दारातून हे आत आले की सगळं मैदान उभं राहायचं. आता त्यांना कुंपणावरून न्यायचं? चोरासारखं?"

"मग इथे ठेवायचं? इथे त्यांचं कोण आहे?"

"तू आहेस की. मीही येईन मागोमाग. जा, सही कर."

दफनभूमीच्या ऑफिसातल्या बाईने नकाशावर जागा दाखवली. जागा पंधरा वर्षांसाठी मिळते. मुदत वाढवली नाही, तर ती दुसऱ्याला देतात.

"वाढवायला तुम्ही इथेच असाल ना?" तिने विचारलं.

आई माझ्याकडे बघत होती. घर सोडल्यापासून मी कुठल्याच गावात पाच वर्षांवर टिकलेली नाही.

"या," मी तिच्या भाषेत हो म्हटलं, आणि सही केली.