स्ट्रॉबेरीचा वास

सोनम नवीन पनवेलच्या एका आरोग्य संस्थेत होती. इन्स्टाग्राम-फेसबुकवर पोरंपोरी व्हेपबद्दल, म्हणजे ई-सिगारेटबद्दल, उघडपणे काय लिहितात ते वाचायचं आणि प्रचार कुठे, कुणासाठी करायचा ते सांगायचं, हे तिचं काम. २०१९चा उन्हाळा होता. कॉलेजांबाहेर सडक्या फुप्फुसांची पोस्टरं लावून संस्था थकली होती. पोरं त्यांच्यापुढे उभी राहून सेल्फी काढत.

वाचता वाचता सोनमच्या लक्षात आलं, की बरेचसे फोटो कॉलेजातले नाहीतच. शेजारच्या सुकापूरच्या भाड्याच्या खोल्यांतले आहेत, कामावरून परतलेल्या, घरापासून लांब राहणाऱ्या पोरांचे. त्यातच एक फोटो होता. गॅलरीच्या कठड्यावर हात, हातात व्हेप आणि खाली लिहिलेलं, ‘स्ट्रॉबेरीचा वास हाय म्हनं. आमच्या बंदराचा वास यापरीस बरा.’

खात्याचं नाव भलतंच होतं. पण त्या अंगठ्यावर चिंबोरीच्या नांगीचा जुना वण होता. प्रितेश! तिचा धाकटा भाऊ. मासेमारीच्या बोटीवर जाणार नाही म्हणून बापाशी भांडून उरणच्या घरातून निघाला, त्याला दोन वर्षं झाली. ना फोन, ना निरोप.

तिने मेसेज लिहिला, पुसला, परत लिहिला. पण कुणालाही असं परस्पर गाठायचं नाही, हा संस्थेचा नियम. शिवाय आपल्याला हुडकून काढलंय हे कळलं, तर हा पुन्हा नाहीसा व्हायचा, ही धास्ती.

ती प्रमुखांकडे, प्रदीपसरांकडे गेली. “सर, सुकापूरला संध्याकाळी टेबल लावू. पोस्टर नको, बोलायला माणसं बसवू.” मग खरं तेही सांगून टाकलं, “माझा भाऊ आहे तिथे.”

“भाऊ नसता तरी सुकापूरच म्हणाली असतीस?”

“तुम्हीच बघा.”

सरांनी तिने जमवलेलं सगळं सावकाश वाचलं आणि होकाराने मान हलवली.

सुकापुरातल्या फोनांवर जाहिरात गेली. सोनमने ती घरच्या बोलीत लिहिली होती: ‘वाफ हाय म्हनून निकोटीन नाय, असं नाय. सोडाचं असल तं ये, बोलू.’

भाजीबाजाराशेजारी टेबल लागलं. पोरं येत, विचारत. सोनम उत्तरं देई, पण नजर त्यांच्या खांद्यांवरून पलीकडे जाई. एका संध्याकाळी तो आला. वाळलेला, दाढी वाढलेला.

“ताय, जाहिरात तूच लिवलीस ना? दुसरं कोन असं लिवल?”

तिला त्याला कवटाळावंसं वाटलं. तिने नुसतं स्टूल पुढे सरकवलं.

“सुटत नाय गं,” तो खाली बघत म्हणाला. “रूमवर एकट्याला बसवत नाय.”

“मग हितं बस.”

तो बसला. समुपदेशकाशी बराच वेळ बोलला. उठताना नवा नंबर दिला. “आयला दे. बाला नको.”

दर आठवड्याला तो टेबलापाशी येऊ लागला. व्हेप कमी होत होत एकदाचा सुटला. घरी मात्र तो गेला नाही. आईने फोन केला, तेव्हा इतके दिवस मनात जपून ठेवलेलं बोलणं ती विसरूनच गेली.

“निवट्या आल्यान बाजारात,” त्याच्या आवडत्या मासळीचं एवढंच म्हणाली. “येशील?”

पलीकडून प्रितेश म्हणाला, “रईवारी बघतो, आय.”

त्या रविवारी तो आला नाही. पुढच्या रविवारी आईने पुन्हा निवट्या आणल्या. बाप ओट्यावर बसून रस्त्याकडे बघत राहिला.