रानडुकराच्या घशातली ओळ

मी एक जुनी ओळ आहे. वहीतली नव्हे, विणकामाची. डोळ्यांना न दिसणाऱ्या एका इवल्या जंतूच्या पोटात मी लिहिलेली असते. शिकलेली माणसे मला जनुक म्हणतात. जंतूने पांघरूण कसे विणायचे, एवढेच मी सांगते. ते पांघरूण ओढून घेतले, की रक्तातल्या पहारेकऱ्यांना तो सापडत नाही.

मित्रांनो, माझे वय मला ठाऊक नाही. एका जंतूचे दोन होतात, आणि दोघांतही मीच असते. आईचा टाका लेकीच्या हातात उतरावा, तशी मी उतरत आले. एकीने पाहिलेले आम्हा सगळ्यांना आठवते.

उत्तर थायलंडच्या डोंगरात, एका रानडुकरिणीच्या घशात मी राहत असे. ऊब, ओलावा आणि तिच्या श्वासाची ये-जा. तिला मी कधी दुखवले नाही. बांबूला कोंब फुटायच्या दिवसांत ती गावाकडे उतरली आणि चान्पेंग नावाच्या बाईच्या कुंपणातल्या डुकरिणीच्या नाकाला नाक लावून गेली. एवढ्याने मी पाळीव झाले.

चान्पेंगचा नवरा इनखाम सलो वाजवायचा. करवंटीचे, दोन तारांचे, गजाने वाजवायचे वाद्य ते. संध्याकाळी त्याचा सूर कुंपणापर्यंत यायचा. डुकरिणीचा घसा हलके थरथरायचा, आणि त्या थरथरीवर मी झुलायचे. किती छान दिवस होते ते!

मग त्यांच्या नातीचे नवे घर उभे राहिले. मेजवानीसाठी डुकरीण कापली. चिंचेच्या ठोकळ्यावर दोन सुऱ्यांची टकटक सुरू झाली, तशी सगळी आळी जमली. बारीक चिरलेले कच्चे मांस, रक्त, मसाला. त्याला तिथे लाप म्हणतात.

"जरा परतून देऊ का?" चान्पेंगने विचारले.

"परतलेलं खायला मी काय बाळंतीण आहे?" इनखाम हसला.

शेजारच्या सीमूनने पेला उंचावला. "वहिनी, वरून तांदळाची दारू जाते ना? आत गेलेलं सगळं तीच शिजवते. आमचा आजा काय पोटात चूल घेऊन फिरत होता?"

घासाबरोबर मी इनखामच्या पोटात गेले आणि मागून दारू आली, मित्रांनो. मला ती पावसाच्या सरीसारखी वाटली. पांघरूण ओले झाले, इतकेच.

तिसऱ्या दिवशी इनखाम तापाने फणफणला. रक्तातून वाहत मी त्याच्या कानात पोचले. शंखासारखे वळत गेलेले दालन, आत कोमट पाणी, पाण्यात गवतासारखे डुलणारे बारीक केस. उशाशी बसून नात सलो वाजवत होती. आजवर घशातून ऐकलेला सूर इथे उजेडासारखा फिरत होता. मला तिथून हलावेसे वाटेना. मी विणत राहिले. भोवती आग पसरली, एकेक केस आडवा झाला, आणि सूर विझला. तो माझ्यामुळे विझला, हे मला फार उशिरा कळले.

इस्पितळात सुईतून औषध आले आणि आम्ही एकामागून एक वाहून जाऊ लागलो. इनखामचा जीव वाचला. उठून बसल्यावर तो ओरडला, "अगं, सगळे कुजबुजता काय? मोठ्यानं बोला की!"

चान्पेंग तर त्याच्या कानाशी तोंड नेऊन हाका मारत होती.

वर्षाने सीमूनने रानडुक्कर मारून आणले. त्याच्या घशात मी होतेच. सुऱ्या वाजू लागल्या. चान्पेंगने मात्र चुलीवर कढई चढवली.

"वहिनी, परतलं की लाप मेलं!" कोणीतरी म्हणाले.

"मरू दे. एका घरातला सूर गेला, तेवढा पुरे. ज्याला कच्चं हवं, त्यानं आधी यांना हाक मारून दाखवावी."

सीमूनने पेला खाली ठेवला आणि आपले ताट तिच्यापुढे सरकवले.

कढईत माझा टाका न् टाका उसवला. दुखले नाही. तिथून शेवटचे दिसले ते एवढेच: नात सलो वाजवत होती, आणि इनखाम करवंटीवर तळहात ठेवून डोळे मिटून बसला होता. मी पूर्वी ऐकत असे तसा तो ऐकत होता, थरथरीतून.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला म्हणतात, आम्हाला जपा. माझे मागणे उलटे आहे. मांसाची लाली पुरती जाईपर्यंत ते चुलीवरून उतरवू नका. कच्चे मांस हाताळलेत, तर हात आणि सुरी नीट धुवा. माझी काळजी करू नका. डोंगरात कुठल्या तरी डुकराच्या घशात मी अजून झोपलेली आहे. सूर ऐकायला मला कोणाचा कान नको. मला तिथूनही ऐकू येते.