आदर्श कबुलीजबाब

"एक कानस, लोखंडी. मुठीला लाल कापड गुंडाळलेले, कापडावर पांढरे ठिपके," एवढं मी वर्गात मोठ्याने वाचलं आणि तिथेच अडकले. सर म्हणाले, पुढे वाच. मला पुढची अक्षरं दिसेनात.

गुन्हेशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला जुन्या तपासाचे खरे कागद शिकवतात. कुणाची अब्रू जाऊ नये म्हणून नावांवर आणि सह्यांवर काळी पट्टी मारलेली असते. त्या दिवशीचा कागद आमच्या विभागाचा फार लाडका. औषधाच्या दुकानात चोरी, आरोपी एक किल्लीवाला, त्याच्याकडून जप्त केलेल्या हत्यारांची यादी आणि त्याखाली त्याचा कबुलीजबाब. सर दहा वर्षं तो 'आदर्श कबुलीजबाब' म्हणून शिकवत आले होते. काळी पट्टी मारणाऱ्याला माझा फ्रॉक झाकायचं मात्र सुचलं नव्हतं.

हो, फ्रॉक माझाच. मी चार वर्षांची असताना तो फाटला. बाबाने त्याचा एक तुकडा कानशीच्या मुठीला गुंडाळला, उरलेल्याचा आईने उशीचा अभ्रा शिवला. त्या उशीवर डोकं ठेवून मी तीन वर्षं बाबाची वाट पाहिली. दुकानदाराने त्याला कुलूप बसवायला बोलावलं होतं. आठवड्याने चोरी झाली, आणि ज्याला कुलूप कळतं तोच चोर असा न्याय झाला. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण शाळेत कुणी मला समजावून सांगायची गरज पडली नाही.

सरांनी कागद माझ्या हातून घेतला आणि शेवटची ओळ स्वतःच वाचली. "हा जबाब मी स्वतः वाचला, तो बरोबर आहे, म्हणून सही करत आहे." या एका ओळीवर अख्खा खटला उभा राहिला, असं ते कौतुकाने म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाबाला वाचता येत नव्हतं. सहीसुद्धा येत नव्हती. सही त्याला मी शिकवली, तो सुटून आल्यावर, मी तिसरीत असताना. पहिलं अक्षर तो हमखास उलटं काढायचा आणि मी मास्तरणीच्या थाटात त्याच्या हातावर फुटपट्टी मारायचे.

तास संपल्यावर मी सरांना सगळं सांगितलं. माणूस वाईट नाही. आधी पाणी दिलं, मग म्हणाले की तो खटला केव्हाच बंद झाला, आपण इथे फक्त पद्धत शिकतो. परीक्षेत यावर दरवर्षी प्रश्न असतो, तेव्हा भावनेच्या भरात काही लिहू नकोस, असंही बजावलं.

"सर, आपण खोटा कागद आदर्श म्हणून शिकतोय."

"मग पुरावा आण," ते म्हणाले. "आणि हरकत ज्याची त्याने घ्यायची असते. तुझी चालणार नाही."

घरी बाबा एका जुन्या कुलपाचं पोट उघडून बसला होता. मी सांगितलेलं त्याने मान खाली घालून ऐकलं.

"कानस आहे का गं अजून तिथे?"

"नाही रे बाबा. यादीत नुसती नोंद आहे."

"चांगली होती," तो म्हणाला.

आई म्हणाली, झाकली मूठ सव्वा लाखाची, सगळ्या कॉलेजला कशाला कळायला हवं तू कुणाची पोर ते. तिचंही खोटं नव्हतं. बाबा मात्र उठला आणि पत्र्याच्या पेटीतून घडी झालेला एक कागद घेऊन आला. तुरुंगातून सोडतानाचा. खाली त्याचा अंगठा, शेजारी तिथल्या कारकुनाच्या अक्षरात 'निरक्षर'. म्हणजे आत जाताना जबाब वाचून सही करणारा माणूस तीन वर्षांनी बाहेर पडताना निरक्षर झाला होता. तुरुंगात माणूस वाचायला विसरतो, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय ते सरांनी मला दाखवावं.

सोमवारी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याबरोबर विभागात आला. सरांनी तुरुंगाचा तो कागद दोनदा वाचला. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि बाबाला बसा म्हणाले. तो बसला नाही. 'आदर्श' हा शब्द काढून टाकावा आणि कागद खोटा म्हणूनच शिकवावा, असा अर्ज मी लिहून आणला होता. विभागाच्या कारकुनाने बाबाच्या सहीसाठी पेन पुढे केलं.

"शाईचं पॅड द्या," बाबा म्हणाला.

"बाबा, तुला सही येते," मी हळूच म्हटलं.

"आता येते. तेव्हा येत नव्हती, ते सरांना बघू दे."

कानशीने घासून घासून त्याच्या अंगठ्याच्या रेषा पुसट झाल्यात. पहिला ठसा नीट उठला नाही. त्याने पुन्हा शाई लावली आणि सरांसमोर अंगठा बराच वेळ दाबून धरला. सरांनी आपला रुमाल पुढे केला.

"राहू द्या," बाबा म्हणाला, आणि काळा अंगठा इस्त्रीच्या शर्टापासून लांब धरून जिना उतरू लागला.