मला न दिसलेले सांधे

मित्रांनो, माझ्या नळीवरचा काळा रंग जागोजागी उडाला आहे आणि डोळे टेकवायच्या जागेचं रबर कडक झालं आहे. भिंगं तेवढी अजून स्वच्छ आहेत. तुमच्या पुस्तकात मला सूक्ष्मदर्शक म्हणतात. आमच्या प्रयोगशाळेत सगळे मला नुसतं ‘जुना’ म्हणतात. रुग्णालयाच्या तळमजल्यावर, एकाच टेबलावर मी तेहतीस वर्षं काढली. एवढं पाहूनही एक गोष्ट मला अजून धड उमगलेली नाही. तीच तुम्हाला सांगतो.

मी भुसा भरलेल्या लाकडी खोक्यातून आलो. ते खोकं बाईंनी उघडलं. बाई म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या डॉक्टर; तेव्हा त्या नव्यानंच कामाला लागल्या होत्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्यातून एक अवघड आजार पकडला. मोठे डॉक्टर जिना उतरून खाली आले आणि म्हणाले, “यंत्र चांगलं आहे.” त्या तीन शब्दांवर मी कित्येक वर्षं फुगून होतो. माझ्यातून दिसेल ते खरं, आणि दिसणार नाही ते नाहीच, असं मला वाटू लागलं.

मग शेजारच्या खोलीत नवं यंत्र आलं. चमकणारे रंग लावून ते पेशींमधल्या बारीक गोष्टी दाखवायचं. माझ्याकडे रोजची साधी कामं उरली.

अशाच एका सकाळी एका मुलीच्या आतड्याचा तुकडा काचपट्टीवर माझ्याखाली आला. मुलगी दहा वर्षांची, पण सहा वर्षांची वाटावी एवढी. शाळेत तिला पिटुकली म्हणायचे. पोट सतत दुखायचं, जुलाब थांबत नव्हते, आणि रक्ताच्या तपासणीतून काहीच ठाम कळत नव्हतं. मी नीट पाहिलं. आतड्याच्या आतले रसांकुर, बोटांसारखे, ताठ उभे होते. त्यांच्यावर पेशी एकीला एक खेटून बसलेल्या. कुठे खिंडार नाही, कुठे जखम नाही. बाईंनी कागदावर लिहिलं, ‘दोष आढळला नाही.’

त्या कागदानं काय केलं, ते मला पाच महिन्यांनी कळलं. पिटुकलीचे वडील तिला घेऊन थेट खाली आले. ते घरोघरी फरश्या बसवायचं काम करायचे; नखांत पांढरं सिमेंट अडकलेलं होतं.

“बाई, तुमच्या कागदावर सगळं नीट आहे,” ते म्हणाले. “तो कागद वाचून मी हिला नाटकी म्हणालो. समोर बसून पोळी खायला लावायचो, मागून ही ओकायची. आता हिचं वजन दीड किलोनं उतरलंय. मी कुणाचं खरं मानू?”

पिटुकली स्टुलावर मान खाली घालून बसली होती.

बाईंनी कपाटातून तीच काचपट्टी काढली आणि बराच वेळ माझ्यातून पाहत राहिल्या. मी जीव एकवटून दाखवत होतो. पण होतं तेच दिसलं. नंतर त्यांनी वडिलांना पाहायला बोलावलं.

“फरशी तर पक्की दिसतेय,” ते म्हणाले. “पण आम्ही गळतीच्या कामाला गेलो की फरशी बघत नाही. सांधा बघतो.”

बाईंनी मान वर केली. “सांधे यात दिसत नाहीत,” त्या हळूच म्हणाल्या.

मित्रांनो, हे मी तेव्हा प्रथमच ऐकलं. दोन पेशींच्या मध्ये सांधे असतात, इतके बारीक, की मला ते कधीच दिसले नव्हते.

त्याच तुकड्याचा नवा काप चमकणारा रंग लावून शेजारच्या यंत्राखाली गेला. दुसऱ्या दिवशी बाईंनी त्याचं चित्र वडिलांना माझ्याच टेबलावर दाखवलं. निरोगी आतड्यात सांध्यांची रेघ जाळीसारखी सलग दिसते. पिटुकलीची रेघ ठिकठिकाणी पुसट होती.

“म्हणजे भेगा पडल्या. भरून टाका,” वडील म्हणाले.

“तुमच्या सांध्यासारखा हा निर्जीव नसतो. पाणी, क्षार यांच्यासाठी थोडा सैल होतो, पुन्हा आवळतो. नको ते बाहेर ठेवतो. हिचं ते गणित बिघडलंय.”

“उघडणारा सांधा?” वडील गोंधळले. “मग तो चांगला की वाईट, ओळखायचं कसं?”

मीही तितकाच गोंधळलो होतो.

“एवढ्यावरून आजाराचं नाव सांगता येत नाही,” बाई म्हणाल्या. “रक्त पुन्हा तपासू. तुकडाही दोन-चार जागांवरून घेऊ.”

या वेळी मलाही दिसलं. दुसऱ्या जागी सूज होती आणि रसांकुर झिजून सपाट झाले होते. रक्तानंही तेच सांगितलं. पिटुकलीच्या शरीराला गहू चालत नव्हता. जी पोळी तिला दामटून खायला लावली, तीच तिला आतून पोखरत होती. वडिलांनी हे ऐकलं आणि ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

गहू बंद झाला. वर्षभरात पिटुकली चार बोटं वाढली.

बाईंनी मग एका तरुण डॉक्टरला विचारलं, “आधी सांधा सैल झाला म्हणून सूज आली, की सूज आली म्हणून सांधा सैल झाला?” त्यानं खांदे उडवले. बाईही म्हणाल्या, “मलाही नक्की सांगता येत नाही.” मी अजून त्याच कोड्यात आहे.

परवा पिटुकली तपासणीला आली होती. तिनं हट्टानं आपली पहिली काचपट्टी माझ्यातून पाहिली.

“यात तर काहीच नाही,” ती म्हणाली. “मग मी खोटं बोलत होते का?”

“नाही गं,” बाई म्हणाल्या. “तू खरंच सांगत होतीस. आम्हाला कमी दिसलं.”

मित्रांनो, माझी भिंगं मऊ कापडानं पुसत जा, वरून झाकण घाला; एवढी काळजी मला पुरते. पण कुणी दुखतंय म्हणालं आणि माझ्यात काही दिसलं नाही, तर माझ्या भरवशावर त्याला खोटं ठरवू नका. त्याच्याजवळ बसा आणि पुन्हा विचारा, कुठे दुखतंय?